टोरिक आणि स्क्लेरल लेन्सचं बिलिंग: आधी निदान, मग कोड

अमेरिकेतल्या डोळ्यांच्या क्लेमवर नव्यानेच काम करतोयस, तर सुरुवात कोडच्या यादीपासून करू नकोस. आधी डॉक्टरांची नोट वाच. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याने धूसर दिसणं) नियमित आहे की अनियमित, यावरच बहुतेक वेळा पैसे कोण देणार ते ठरतं. नियमित असेल (निदानाचा कोड एच५२.२२-) तर साधारणपणे तो चष्म्याच्या नंबरचाच प्रश्न धरला जातो, मेडिकल इन्शुरन्स सहसा हात वर करतो आणि व्हिजन प्लॅनकडे (चष्मा-लेन्ससाठीचा वेगळा विमा) जावं लागतं. अनियमित (एच५२.२१-) किंवा केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं; एच१८.६-) असेल तर वैद्यकीय गरज मांडता येते. शेवटचा अंक डोळा सांगतो: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. तिथे ९, म्हणजे 'डोळा नमूद नाही', टाकू नकोस.

फिटिंग आणि लेन्स या दोन वेगळ्या गोष्टी. केराटोकोनससाठी पहिल्या फिटिंगला ९२०७२ हा प्रक्रियेचा कोड. पुढच्या भेटींना तो पुन्हा लावायचा नसतो, तिथे तपासणीचे नेहमीचे कोड येतात. लेन्सचे व्ही-कोड प्रत्येक लेन्समागे असतात: सॉफ्ट टोरिकला (टोरिक म्हणजे दृष्टिवैषम्य सुधारणारी लेन्स) व्ही२५२१, गॅस पर्मिएबल (ऑक्सिजन आत जाऊ देणारी कडक लेन्स) टोरिकला व्ही२५११, गॅस पर्मिएबल स्क्लेरलला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) व्ही२५३१. टोपोग्राफीचा (कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारी तपासणी) ९२०२५ मात्र एका डोळ्याला असो वा दोन्ही, एकदाच.

आणि खरं सांगतो, क्लेम टिकतो तो नोटवर. चष्म्याने किती दिसतं आणि लेन्सने किती, हे दोन्ही आकडे नोटमध्ये नसतील तर डॉक्टरांकडे परत जा, संकोच करू नकोस. पूर्वमंजुरी लेन्सची ऑर्डर देण्याआधीच घे. या लेन्स महाग असतात, आणि नकार आला तर तो भार रुग्णावर पडू शकतो.