‘पिझो’ म्हणजे दाब की दाबणे?

प्रश्न असा: पिझोइलेक्ट्रिक सेन्सरला मराठीत ‘दाबविद्युत संवेदक’ म्हणतात, म्हणजे तो दाब मोजणारा संवेदकच ना? आणि ‘पिझो’ हे कुणा शास्त्रज्ञाचे नाव आहे का?

दुसऱ्या प्रश्नात गोडी जास्त, म्हणून तो आधी घेतो. ‘पिझो’ हे कुणाचे नाव नाही. ग्रीकमध्ये ‘पिएझेइन’ असे क्रियापद आहे: दाबणे, पिळणे. व्युत्पत्तीचे अभ्यासक त्याचे नाते संस्कृत ‘पीड्’ धातूशी जोडतात. दोन्हींच्या मुळाशी ‘वर बसणे’ या अर्थाचे एकच प्राचीन रूप मानले जाते. त्याच ‘पीड्’पासून ‘पीडा’ आली आणि प्राकृतातून घासत घासत आपले ‘पिळणे’ही आले. ओले कापड पिळताना आपण जो शब्द वापरतो, तो या ‘पिझो’चा भाऊबंद आहे! झाक आणि पिएर या फ्रेंच शास्त्रज्ञ क्युरी बंधूंनी १८८० साली स्फटिक दाबून त्यावर विद्युतभार येतो हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हांकेल यांनी त्या परिणामाला हे नाव सुचवले.

आता ‘दाब’. शब्द चांगला आहे, रुळलेला आहे, तो बदलू नये. फक्त तो ‘दाबणे’ या क्रियेतला समजावा, हवेचा दाब किंवा रक्तदाब यांतला नव्हे. क्वॉर्ट्झसारख्या स्फटिकात धन आणि ऋण भार एकमेकांना तोलून धरतात. स्फटिक दाबला की त्यातली अणूंची जाळी किंचित वाकते, तोल सरकतो आणि समोरासमोरच्या पृष्ठांवर विरुद्ध भार उमटतात. पण हा भार टिकत नाही, जोडलेल्या मंडलातून (सर्किटमधून) तो झिरपून जातो.

हे स्वतः पाहण्यासारखे आहे. पितळी चकतीवर पांढरा सिरॅमिकचा गोल चिकटवलेला असतो, तीच पिझो चकती. तिच्या दोन तारा मल्टीमीटरला लावा आणि बोटाने दाबा: आकडा उसळतो. बोट तसेच दाबून धरा: आकडा शून्याकडे परततो. बोट उचला: पुन्हा उसळतो, या वेळी उलट चिन्हाने. संवेदकाला कळतो तो दाबातला बदल. म्हणून ठोका, थरथर, धक्का, आवाज हे त्याचे खरे क्षेत्र. इंजिनातली ठकठक (नॉकिंग) ओळखणे, यंत्राची कंपने मोजणे, गिटारच्या लाकडाची थरथर पकडणे ही कामे तो उत्तम करतो. तासन्‌तास ठेवलेल्या ओझ्याचे वजन सांगणे त्याला जमत नाही.

‘संवेदक’ हा शब्दही जपून वापरावा. क्रिया उलटही चालते: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये तोच घटक आधी ध्वनी पाठवतो, मग प्रतिध्वनी ऐकतो. तिथे ‘संवेदक’ म्हटले तर अर्धेच काम सांगितले जाते. गॅस लायटर ‘टक’ करतो तेव्हा आतली हातोडी स्फटिकावर आदळून ठिणगी पडते; तिथे संवेदन मुळीच नाही. मनगटी घड्याळातला क्वॉर्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तोही संवेदक नव्हे. या दोन्हींना नुसते ‘दाबविद्युत स्फटिक’ म्हणावे.