जळगाव-धुळ्यातले आम्ही पाच समुपदेशक मिळून गट-सुपरव्हिजन (एकत्र बसून आपापल्या केसेसवर चर्चा करून शिकणं) सुरू करू शकतो का?

करा की! पण पाचही जण नवखे असाल, तर अनुभवी सुपरवायझर हवाच; नाहीतर नुसत्या गप्पा होतात.

एका बैठकीत एक, फार तर दोन केस. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट चालवले, त्यातून आलेली रीत छान आहे: मांडणारा केस सांगतो, मग मागे सरकून ऐकतो, बाकीचे बोलतात. लगेच सल्ले द्यायचे नाहीत (हेच सगळ्यांना जड जातं).

खरी अडचण गोपनीयतेची. खानदेशात नाव बदलून भागत नाही. 'रावेरकडचा केळीवाला, दोन मुली' एवढ्यावर कुणीतरी ओळखतंच. गाव, पीक, नाती सगळं बदला. केस गटात मांडली जाईल हे क्लायंटला आधीच सांगून संमती घ्या. ऑनलाइन बसलात तर हेडफोन लावा.