वडिलांचा संगणक दुरून दुरुस्त करायचा असेल तर

वडिलांच्या संगणकावर विंडोज १० किंवा ११ असेल, तर सुरुवातीला विंडोजच्या ‘क्विक असिस्ट’ या दुरून पडदा पाहण्याच्या व चालवण्याच्या अ‍ॅपवरच भागवावे, तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्यातून मिळवलेला कोड त्यांना फोनवर सांगायचा आणि त्यांनी तो टाकून परवानगी द्यायची, एवढेच काम असते. दोघांपैकी कोणाकडे मॅक असल्यास गूगलचे तसेच साधन ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ घ्यावे. तिथे १२ अंकी कोड त्यांच्याच पडद्यावर उमटतो आणि ५ मिनिटांत बाद होतो, म्हणून त्यांना आधी चष्मा लावून बसायला सांगावे व चार-चार आकडे वाचून घ्यावेत.

नवखी माणसे हमखास शोधयादीतल्या जाहिरातीवरून भलतेच सॉफ्टवेअर उतरवतात, नाहीतर दुरून कधीही शिरता यावे म्हणून रोजच्या सोयीसाठी कायमचा पासवर्ड लावून ठेवतात. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळा.

मात्र सर्वांत जपण्याची गोष्ट वेगळीच आहे. अशाच साधनांच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. माझ्या मावशीच्या फोनशेजारच्या वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: “फोन आपण लावायचा, समोरून आलेल्या फोनवर कोड द्यायचाही नाही, टाकायचाही नाही.” तुम्हीही पहिल्याच दिवशी तेवढे लिहून द्या.