वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामी तळलेले रोल आणि मधुमेह

प्रश्न : हॉटेल व्यवस्थापन शिकून आलेला माझा भाचा सुटीत आला, की व्हिएतनामी पद्धतीचे तळलेले स्प्रिंग रोल करतो. वरचे आवरण तांदळाचे, आत भाज्या, झिंगे आणि मुगाच्या शेवया, त्यामुळे हे रोल आपल्या सांबारवडीपेक्षा (बेसनाच्या आवरणात सांबार म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वडीपेक्षा) पौष्टिक असतात, असे तो सांगतो. माझ्या यजमानांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. त्यांना हे रोल द्यावेत काय?
— एक वाचक भगिनी, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, द्यायला हरकत नाही, मात्र एका वेळी दोनच, आणि तेही जेवणातील भात कमी करून. भाच्याचे म्हणणे सारणापुरते बरोबर आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये ‘नेम रान’ आणि दक्षिणेत ‘चा यो’ म्हटल्या जाणाऱ्या या पदार्थात डुकराच्या मांसाचा खिमा, झिंगे किंवा खेकडा, गाजर, कांदा, काळी अळंबी आणि अंडे असते, म्हणजे प्रथिने आणि थोडा चोथा दोन्ही मिळतात. मुगाच्या शेवयांबद्दल मात्र गैरसमज होतो. त्या मुगाच्या डाळीच्या नसून मुगातून वेगळ्या काढलेल्या स्टार्चच्या असतात आणि डाळीतील प्रथिने त्यांत जवळजवळ उरत नाहीत. तांदळाचे आवरण म्हणजेही पांढऱ्या तांदळाचे पीठच; गव्हातील ग्लूटेन न चालणाऱ्यांना ते सोयीचे असले, तरी मधुमेहींसाठी मैद्यापेक्षा फारसे बरे नाही. शिवाय आपल्याकडे शहरांत मिळणाऱ्या स्प्रिंग रोलच्या तयार पट्ट्या बहुधा मैद्याच्याच असतात, तेव्हा पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत.

सांबारवडीशी तुलना करायचीच, तर आवरणाच्या बाबतीत आपली वडीच सरस ठरते, कारण १०० ग्रॅम बेसनात सुमारे २० ते २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच तांदळात सुमारे ७. सारणात झिंगे वा मांस असलेला रोल पुढे जातो. तेलाच्या बाबतीत दोघेही एकाच कढईतले.

खरा प्रश्न तेलाचाच आहे. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात. एका रोलने एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल धरले, तर सहा रोलांत केवळ तेलाच्या २७० कॅलरी होतात. बरेचसे तेल पदार्थ कढईत असताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर तो निवत असताना आत ओढले जाते, कारण आतील वाफ थंड होऊन आकसते आणि वरचे तेल शोषून घेते. म्हणून रोल झाऱ्यावर घेऊन कढईवरच नीट निथळावेत आणि ताटात एकावर एक न रचता जाळीवर उभे ठेवावेत. तेल पुरेसे तापलेले नसताना रोल सोडले, तर ते तळायला वेळ घेतात आणि जास्त तेलकट होतात. जवसाचे तेल तळणासाठी मुळीच वापरू नये. ते उष्णतेने लवकर खराब होते. शेंगदाण्याचे तेल यासाठी चांगले, परंतु तळून काळे व घट्ट झालेले तेल सणापर्यंत जपून ठेवण्याची आपल्याकडील काटकसर प्रकृतीला महागात पडते.

रक्तदाबासाठी रोलपेक्षा त्यासोबतच्या चटणीवजा पाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मासे आणि मीठ महिनोनमहिने आंबवून केलेल्या रसात लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि पाणी घालून ते करतात. त्या निर्भेळ रसाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण साडेतीन ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. पाणी घातल्याने मीठ सौम्य होते, नाहीसे होत नाही. त्यात साखरही असते. यजमानांसाठी लिंबाचा रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि पाणी एवढेच पुरे.

व्हिएतनामी माणूस हा रोल सॅलडच्या पानात पुदिना, कोथिंबीर व इतर सुगंधी पानांसह गुंडाळून खातो, म्हणजे तळणाच्या बरोबरीने कच्चा पालाही भरपूर पोटात जातो. आपल्याकडे रोल घेतले जातात आणि पाला राहतो. तुमच्या परसातील कोवळा सांबार, पुदिना आणि मुळ्याची पाने मिठाच्या पाण्यात व नंतर साध्या पाण्यात नीट धुऊन मूठभर द्यावीत. तेथे न तळता, उकडलेले झिंगे व पाला भरून केले जाणारे ‘गोई कुओन’ नावाचे रोलही आहेत. यजमानांसाठी भाच्याने तेच करावेत, असे मी सुचवेन.

प्रश्न : बचतगटाच्या स्टॉलसाठी मांसाचे सारण आदल्या रात्री करून ठेवले तर चालेल काय? आमच्याकडे वीज वारंवार जाते.
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : वीज भरवशाची नसेल, तर ठेवू नये. शिजलेले मांस फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पारा ३२ अंशांवर असेल तेव्हा एका तासाच्या आत संपवावे; विदर्भाच्या उन्हाळ्यात एका तासाचाच नियम धरावा लागेल. डुकराचे मांस असल्यास आतील गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत सारण आधी शिजवावे, कारण आवरण लवकर लाल होते आणि आत कच्चे राहिलेले दिसत नाही. शाकाहारी रोलसाठी भिजवून पिळलेल्या सोयाबीन वड्या, कोबी आणि मोड आलेले मूग घ्यावेत. हे सारणही त्याच दिवशी करावे.