वाचकांचे प्रश्न : तांबड्या समुद्राची झळ निफाडपर्यंत

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं एकाच समुद्राविषयी आहेत. एक निफाडच्या पॅकहाउसमधून, एक लातूरच्या अभ्यासिकेतून, एक गुहागरहून. म्हणून तिघांना एकत्रच उत्तर देते आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचं छोटं पॅकहाउस आहे. मी, माझे मिस्टर आणि धाकटे दीर मिळून गावातल्या बागायतदारांची द्राक्षं युरोपला पाठवतो. २०२४ च्या हंगामात आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला उशिरा पोचले. खरेदीदाराने क्वालिटी क्लेम लावला, भाड्याचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. विमा कंपनीने दावा नाकारला. काही बागायतदारांचं देणं अजून बाकी आहे. ऑक्टोबर छाटणी उरकली, आता लोक विचारतायत की यंदा माल घेणार का. मिस्टर कोणाचा फोन घेत नाहीत. रात्री उशिरापर्यंत मोबाइलच्या नकाशावर जहाजं कुठे आहेत ते बघत बसतात. धंदा बंद करावा का? आणि यांना कसं सांभाळू?

उत्तर : ताई, पत्रासोबत सर्व्हे रिपोर्टची प्रत जोडलीत हे फार चांगलं केलंत. माझी उमेदीची वर्षं न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे मालाचे कागद सोडवण्याच्या कामात गेली, त्यामुळे हे कागद हातात आले की नजर आधी डेटा लॉगरच्या, म्हणजे कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या आलेखावर जाते. निफाडला कंटेनरचं दार लागलं तिथपासून ते तिकडे उघडेपर्यंत तापमानाची रेघ शून्याला चिकटून आहे. द्राक्षं टिकावीत म्हणून ठेवतात ते ग्रेपगार्ड पॅड जागेवर होते, असंही सर्व्हेअरने नोंदवलंय. पुढच्या पानावरचे शेरे मात्र वेगळे : देठ तपकिरी, मणी बोटाला मऊ, पनेटच्या, म्हणजे छोट्या डब्याच्या तळाशी मणीगळ. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मिस्टरांना दाखवा. माल चांगला होता, भरला चांगला होता, रिफर म्हणजे शीतकंटेनरही नीट चालला. द्राक्षं खराब झाली ती निव्वळ वाढलेल्या दिवसांमुळे.

मुंबईहून रॉटरडॅम तांबडा समुद्र आणि सुएझ कालव्यामार्गे साधारण ६,३०० सागरी मैल. केप ऑफ गुड होपला वळसा घातला की तेच अंतर १०,००० च्या वर जातं. येमेनमधल्या हुथी या सशस्त्र गटाचे तांबड्या समुद्रात जहाजांवरचे हल्ले नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबरच्या मध्याला मोठ्या जहाज कंपन्यांनी तो मार्ग सोडला. तुमचा खुडा तोंडावर आलेला होता. तीनेक आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांवर गेला, भाडं दुपटीच्या पुढे गेलं. त्यात युरोपात आपल्या द्राक्षांना जागा मिळते ती मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात इजिप्तचा माल उतरू लागतो. उशिरा पोचलेला कंटेनर मऊ माल घेऊन पडत्या भावात उभा राहतो. हा दुहेरी फटका तुम्हाला बसला.

विमा कंपनीवरचा तुमचा राग मला समजतो. पण पॉलिसीतली कलमं बघा. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या कलमांत उशिरामुळे झालेलं नुकसान सरळ वगळलेलं असतं, तो उशीर विम्यात धरलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. युद्धाची जोखीम वेगळं कलम घेतलं तरच मिळते, आणि तिथेही उशीर बाहेरच राहतो. जहाज कंपनीला मार्ग बदलायची मुभा तर बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरात दिलेलीच असते. थोडक्यात, येमेनच्या किनाऱ्यावरच्या लढाईची सगळी जोखीम फिरत फिरत तुमच्या ओट्यावर येऊन बसली आणि ती तुमची आहे हे तुम्हाला कोणी आधी सांगितलं नाही. माझी सगळी तळमळ याच मुद्द्यासाठी आहे. संकट टाळणं आपल्या हातात नसतं. पण त्याचा कुठला तुकडा कोणी उचलायचा, हे माल निघायच्या आधी कागदावर आणणं नक्की हातात असतं.

धंदा बंद करावा असं मला वाटत नाही. कन्साइनमेंटवर, म्हणजे आधी दर न ठरवता माल पाठवणं मात्र यंदा बंद करा. जो खरेदीदार किमान दर लिहून देईल त्यालाच माल द्या, मग कंटेनर कमी लागले तरी चालतील. करारात तीन गोष्टी लिहून घ्या : प्रवास किती दिवसांचा धरलाय, त्याहून जास्त लागले तर क्लेमची मर्यादा काय, आणि भाड्यावर जादा अधिभार आला तर तो कोणी किती सोसायचा. खरेदीदार कुरकुर करेल. त्यालाही फेब्रुवारीत माल हवाच असतो, हे विसरू नका.

हुथी हे हल्ले गाझातल्या युद्धाचं कारण सांगून करत होते. पण गाझात ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला म्हणून सुएझची वाट लगेच मोकळी होईल असा हिशेब कोणी सांगितला तर तो धरू नका. याआधी जानेवारी २०२५ मध्येही युद्धविराम झाला होता, आणि त्याच वर्षी जुलैत हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं बुडवली. चाळीस दिवसांचा प्रवास धरूनच बाग निवडा. ज्या बागेचा माल तितके दिवस टिकेल असं तुमच्या दिरांना छातीठोकपणे वाटतं, तोच युरोपला. बाकीचा दुबईला किंवा मलेशियाला, त्या वाटेत तांबडा समुद्र लागत नाही. सौदीची मागणी आली तर बंदर विचारून घ्या. जेद्दा तांबड्या समुद्रावर आहे, दम्माम आखातात.

ईसीजीसी, म्हणजे निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या शाखेत एक चक्कर माराच. निर्यातदारांसाठीच्या त्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत, परदेशात प्रवास खंडित झाला किंवा वळवावा लागला आणि त्यामुळे पडलेलं जादा भाडं खरेदीदाराकडून वसूल झालं नाही, तर ती जोखीम धरलेली असते. द्राक्षं नासल्याचे पैसे त्यातून मिळणार नाहीत. पण भाड्याच्या ओझ्याखाली दबलेल्या छोट्या निर्यातदाराला तेवढाही आधार पुष्कळ असतो.

आता बागायतदार. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे आपले द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ते तुमच्याकडे अजून कोणी विसरलेलं नसेल. तेव्हा मी एक गोष्ट जवळून पाहिली. ज्या निर्यातदारांनी शेतकऱ्यांना बोलावून लॅबचे रिपोर्ट आणि खरेदीदाराचे ईमेल जसेच्या तसे पुढ्यात ठेवले, त्यांच्याकडे ते लोक पुढच्या वर्षीही माल घेऊन आले. शिवीगाळ झाली, एकदोघांनी पंचायतीत नेण्याची भाषा केली, पण आले. जे फोन बंद करून बसले, त्यांच्याकडे लोक फिरकले नाहीत. तुम्ही देणं असलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी घरी बोलवा. चहा ठेवा, सर्व्हे रिपोर्ट ठेवा, आलेल्या पैशांचा हिशेब ठेवा आणि उरलेलं देणं कोणत्या महिन्यात किती फेडणार ते लिहून द्या. ज्याने सोसायटीचं कर्ज काढून बाग उभी केलीय त्याचं देणं आधी. बोलायचं काम तुम्ही किंवा दिरांनी करा. मिस्टरांनी नुसतं शेजारी बसावं, पहिल्या दिवशी तेवढं पुरे.

कारण त्यांचं मौन मला या हिशेबापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. रात्रभर जहाजांचे ठिपके बघणारा माणूस आळशी नसतो, वेडाही नसतो. जे आपल्या हातून निसटलं त्यावर निदान नजर तरी ठेवावी, असं त्याला वाटत असतं. त्यांच्या हातून मोबाइल हिसकावू नका. जहाजं बघायची ती संध्याकाळी, दिरांसोबत, वहीत नोंद करून, असं ठरवा. म्हणजे ते काम होईल. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. सकाळी त्यांना बागेत पाठवा, डोळे मोबाइलवरून घडांवर जाऊ देत.

जेवण तुटलं असेल, माणसांत येणं थांबलं असेल, झोप कित्येक आठवडे नसेल, तर तालुक्याच्या किंवा नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. बीपीच्या डॉक्टरकडे जातो तसंच जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही त्यांच्या तोंडून निघालं, तर ते बोलण्याच्या ओघात आलं असं समजून सोडू नका. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्या, तोवर एकटं ठेवू नका, आणि फवारणीची औषधं घरातून हलवा. हे लिहिताना हात जड होतो, पण द्राक्षपट्ट्यातल्या घराला ते स्पष्ट लिहायलाच हवं.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करतो. येमेनमधला एक सशस्त्र गट जगाचा व्यापार कसा अडवू शकतो? आणि अमेरिकेने जहाजांच्या संरक्षणासाठी आघाडी केली तेव्हा भारत तिच्यात का गेला नाही? आपण घाबरलो का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : घाबरलो असं मी म्हणणार नाही. तू नकाशा उघडून बाब-अल-मांदेब ही तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची सामुद्रधुनी शोध. तिथे समुद्राची रुंदी जेमतेम तीसेक किलोमीटर आहे. हुथींनी २०१४ मध्ये येमेनची राजधानी साना घेतली, होदेदा बंदराचा किनारा त्यांच्या ताब्यात आहे आणि इराणचा पाठिंबा आहे. अशा चिंचोळ्या जागी प्रत्येक जहाज बुडवावं लागत नाही. चार जहाजांवर ड्रोन पडले की विम्याचे दर चढतात आणि कंपन्या आपणहून वाट बदलतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला हेलिकॉप्टरमधून उतरून त्यांनी गॅलेक्सी लीडर पळवलं, ते रिकामं जहाज आपल्याच पिपावाव बंदराकडे निघालं होतं.

यात कोणाचं काय गेलं ते पाहा. इजिप्त या भांडणात कुठेच नाही, पण सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, ते २०२४ मध्ये चार अब्जांच्या आसपास आलं. सौदी अरेबिया २०१५ पासून हुथींशी लढला, तो मात्र अमेरिकेच्या आघाडीपासून दूर राहिला. कारण एप्रिल २०२२ पासून येमेनमध्ये कशीबशी शांतता टिकली होती आणि ती त्याला मोडायची नव्हती. संकट आलं की जुने मित्र-शत्रू जसेच्या तसे उभे राहतात हा समज पुस्तकी आहे. प्रत्येक देश आपल्या अंगणात काय पडेल ते आधी बघतो.

भारताचंही तेच. २३ डिसेंबर २०२३ ला पोरबंदरपासून काही अंतरावर केम प्लुटो या टँकरवर ड्रोन आदळला, त्यानंतर आपल्या युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताच्या तोंडाशी मोठ्या संख्येने गेल्या, पण आपल्याच झेंड्याखाली. मार्लिन लुआंडा या जळत्या टँकरवर आयएनएस विशाखापट्टणमचे जवान आग विझवायला गेले, त्या टँकरवर २२ भारतीय होते. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं रुएन हे जहाज सोडवलं आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर तेहरानला जाऊन आले आणि मे महिन्यात इराणमधल्या चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार झाला. खलाशी वाचवायचे, पण येमेनवर बॉम्ब टाकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. आखातात राहणारी आपली लाखो माणसं आणि तिथून येणारं तेल डोळ्यांपुढे ठेवलं तर मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. एक उणीव मात्र सलते. खलाशांसाठी नौदल धावलं, पण निफाडच्या कंटेनरचा तोटा कोणी उचलायचा याचा विचार तितक्या तातडीने झाला नाही. उत्तरपत्रिकेत हे लिहायला कचरू नकोस.

प्रश्न : मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे. पुढच्या महिन्यात जॉइन होतोय. जहाज तांबड्या समुद्रातून जाईल का ते कंपनी नक्की सांगत नाही. त्याला नाही म्हणता येतं का? मला रात्री झोप येत नाही. (एक आई, गुहागर)

उत्तर : वहिनी, तुमची भीती खोटी नाही. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर हुथींचं क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले. बाकीच्यांना आयएनएस कोलकाताने वाचवलं.

नाही म्हणता येतं, पण सगळ्यांना सारखं नाही. ज्या जहाजांना आयबीएफ, म्हणजे कामगार संघटना आणि जहाजमालक यांच्यातला आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, तिथे युद्धसदृश म्हणून जाहीर केलेल्या पट्ट्यात जायला खलाशी नकार देऊ शकतो. कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. जो जातो त्याला जादा बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट. तेव्हा सही करण्याआधी मुलाने मॅनिंग एजंटला, म्हणजे जहाजावर माणसं पुरवणाऱ्या एजंटला हे सरळ विचारावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं : करार कोणता, पट्टा सध्या कोणत्या वर्गात, नकार कोणाला आणि किती आधी कळवायचा. एजंट टाळाटाळ करत असेल तर मुलाने आपल्या युनियनकडे जावं. नकार देणं भ्याडपणाचं नाही आणि जाणं शौर्याचं नाही, हे घरात सगळ्यांनी एकदा बोलून घ्या. निर्णय त्याचा राहू दे.

तो गेल्यावर तुम्हीही मोबाइलवर त्याचं जहाज शोधाल, म्हणून आत्ताच सांगते. त्या पट्ट्यात पुष्कळ जहाजं आपली जागा कळवणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात, हल्ला करणाऱ्यांना दिसू नये म्हणून. नकाशावर जहाज दिसेनासं झालं तर काही वाईट झालं असा अर्थ काढू नका. जहाज त्या पट्ट्यात कधी शिरणार, बाहेर कधी पडणार आणि मेसेज साधारण केव्हा येईल, एवढं मुलाकडून निघायच्या आधी ठरवून घ्या. ईमेल केव्हाही आला तरी उत्तरात घरचं साधं लिहा, ‘परत ये’ असं ड्यूटीवर असताना लिहू नका. त्याला जहाजावर मन मोकळं करायला कोणी नसेल तर आयस्वान संस्थेची सीफेरर हेल्प ही सेवा खलाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही चोवीस तास मोफत चालू असते. गुहागर-दापोली भागात पोरं समुद्रावर असलेली घरं भरपूर आहेत. त्यातल्या दोघी-तिघींना संध्याकाळी घरी बोलवत जा आणि त्या वेळी टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा.