गाडीची विचारपूस : बीटलच्या हीटरला ऊब का नाही?

मराठवाडा म्हणजे ऊन, अशी बाहेरच्यांची समजूत असते. परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली उतरतो, हे जानेवारीत पहाटे जिंतूर रस्त्याने गाडी चालवणाऱ्यालाच माहीत. यंदा जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलच्या हीटरबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९७० ची बीटल आहे. इंजिन उत्तम, पण हीटरची दांडी पूर्ण वर ओढली तरी पायाशी जेमतेम कोमट हवा येते आणि पहाटे काच धुरकट राहते. गॅरेजमध्ये हीटर बॉक्स बदलायला सांगतात. ते बाहेरून मागवावे लागतील. एवढा खर्च करावा का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आत्ताच नको. या गाडीत पाणी नाही, रेडिएटर नाही, त्यामुळे गरम पाण्याचा हीटरही नाही. इंजिनावरचा पंखा हवा ढकलतो. त्यातली थोडी हवा पंख्याच्या पत्र्याच्या कवचाला असलेल्या दोन तोंडांतून नळ्यांवाटे खाली दोन हीटर बॉक्समध्ये जाते. तिथे पुढच्या दोन सिलिंडरच्या, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या, एक्झॉस्ट पाइपभोवती फिरून ती तापते. मग केबलने उघडणाऱ्या झडपेतून दारांच्या उंबऱ्याखालच्या पोकळ चॅनलमध्ये शिरते आणि तिथून पाय आणि काच गाठते. १९६३ च्या मॉडेलपासूनची रचना ही अशी आहे. ऊब कमी म्हणजे या वाटेत कुठेतरी हवा गळते, अडते किंवा तापतच नाही. म्हणून शोध मागच्या इंजिनापासून पुढे, टप्प्याटप्प्याने घ्यायचा. हीटर बॉक्स हा त्यातला एक टप्पा, आणि बहुतेक वेळा दोषी दुसराच निघतो.

आधी एक अपेक्षा ठरवून घ्या. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतो. गांधी पार्कच्या गर्दीत आयडलवर उभ्या गाडीत ऊब येणार नाही, ती येऊही नये. तपासणी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्यानंतरचीच धरा.

पहिला टप्पा फॅन बेल्ट. इंजिन बंद असताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. बेल्ट साधारण १५ मिमी आत गेला पाहिजे. जास्त जात असेल तर तो घसरतो आणि हवा कमी पडते. ताण वाढवायला डायनॅमोच्या पुलीचा नट २१ च्या पान्याने उघडा, पुलीच्या दोन अर्ध्यांमधली एक-दोन वॉशर काढा आणि तीच बाहेर नटाखाली लावा. फेकू नका. नवा बेल्ट बसवताना ती परत आत घालावी लागतात. आणि बेल्ट सैल असेल तर नुसती ऊब कमी झाली म्हणून सुटू नका, त्याच पंख्यावर इंजिनाचा जीव आहे.

दुसरा टप्पा कवचापासून हीटर बॉक्सपर्यंतच्या दोन नळ्या. आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा इथेच दिसतो. मूळ नळी कागद आणि ॲल्युमिनियमची असते, ती फाटली की गॅरेजवाला ती काढून तोंडे उघडीच सोडतो. म्हणजे हीटर बंद पडला, आणि वर सिलिंडरना जाणारी हवाही फुकट इंजिन खोलीत सुटू लागली. उन्हाळ्यात इंजिन तापण्याच्या तक्रारी यातूनही निघतात. व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिक नळी जोडलेली असेल तर ती लगेच काढा, उष्णतेने ती मऊ पडून चिकटते. स्वयंपाकघरातल्या चिमणीची लवचीक ॲल्युमिनियम नळी चालते, फक्त तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून घ्या आणि दोन्ही टोकांना गोल क्लिप लावा. तारेने गुंडाळलेली नळी खडबडीत रस्त्यावर निसटते.

तिसरा टप्पा झडपा. हीटर बॉक्सच्या पुढच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना एकेक. एकाला दांडी हलवायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली जाऊन पाहा. दांडी वर, झडपेचा हात अडकेपर्यंत फिरला पाहिजे. दांडी खाली, तो पूर्ण परत आला पाहिजे. एक झडप उघडते आणि दुसरी नाही, हा नेहमीचा प्रकार. अशी गाडी एका पायाला ऊब देते, दुसऱ्याला नाही. काळ्या मातीचा चिखल झडपेच्या पिनीवर सुकला की तिला विटेसारखा घट्ट धरून ठेवतो. ब्रशने माती काढा, गंज सोडवणारे तेल घाला, तासभर थांबा आणि हाताने हळूहळू हलवा. पक्कडीने हिसका दिलात तर पत्र्याचा हात वाकतो. मोकळी झाल्यावर ग्रीस लावू नका, ते जळून आत वास येतो. कोरडी ग्रॅफाइट पूड लावा. केबल बसवताना दांडी पूर्ण खाली ठेवायची, केबलीतला ढिलेपणा ओढून घ्यायचा, पण झडप मुळीच उचलली जाणार नाही इतपत, आणि मग क्लँपचा स्क्रू आवळायचा. केबल नळीतच जाम असेल तर ती बदलणेच बरे. जोर लावल्यास दांडीकडचा दुवा तुटतो.

इथवर ठीक असेल तर बॉक्सकडे या. गाडी चालवून आल्यावर झडपेच्या पुढची लवचीक नळी सोडवा आणि तोंडासमोर हात धरा. हातमोजा घाला, एक्झॉस्ट शेजारीच आहे. हवा जोराची आणि सहन न होण्याइतकी गरम असेल तर बॉक्स निर्दोष आहे, दोष पुढे. जोर आहे पण ऊब नाही, तर बॉक्स हलक्या प्रतीचा असू शकतो. मूळ बॉक्समध्ये एक्झॉस्ट पाइपवर ॲल्युमिनियमचे पंख असतात आणि उष्णता हवेला देण्याचे काम तेच करतात. स्वस्त नकली बॉक्समध्ये नुसता पाइप आणि भोवती पत्रा असतो. नवे मागवायची वेळ आलीच, तर पंख आहेत का ते लेखी विचारा आणि वजन विचारा. हलका बॉक्स घेऊ नका.

शेवटचा टप्पा चॅनल. मागून ब्लोअर लावा, काठीला पिंजलेल्या कापसाचा पुंजका बांधा आणि उंबऱ्याच्या कडेने, गालिच्याखालून, मागच्या सीटखालून फिरवा. कापूस थरथरला तिथे भोक आहे. इथे उदबत्ती पेटवू नका, पेट्रोलची टाकी याच गाडीच्या नाकात आहे. उजव्या बाजूला मागच्या सीटखाली बॅटरी असते. सांडलेले ॲसिड तिच्याभोवतीचा पत्रा खाते, तिथे विशेष लक्ष द्या. भोक एम-सील किंवा बॉडी पुटीने बुजवणे ही फसवणूक, कारण हे चॅनल गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, दाराखालची ताकद तेच देते. चांगला डेंटर गंजका भाग कापून तेवढाच पत्रा घालतो. वेल्डिंगआधी बॅटरी बाहेर काढायला सांगा.

चॅनलमध्ये हवा शिरते पण पुढे पोहोचत नाही, असे असेल तर उंदराचे घर किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घरटे शोधा. वर्षानुवर्षे न वापरलेल्या हीटरमध्ये दोन्ही सापडतात. चॅनलच्या पुढच्या टोकापासून काचेकडे जाणाऱ्या नळ्या सुटलेल्या असतील तर पायाला ऊब येईल आणि काच तशीच राहील. मागच्या पायांकडची तोंडे हँडब्रेकजवळच्या दुसऱ्या दांडीने बंद केली की पुढे जास्त हवा येते, धुके असताना हे करा.

प्रश्न : हीटर लावला की गाडीत जळक्या तेलाचा वास येतो आणि अर्ध्या तासात डोके दुखते. हीटर बंद ठेवतो. काही गंभीर आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : डोके दुखते ही गोष्ट वासापेक्षा वेगळी आहे, आणि ती गंभीर आहे. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बॉक्समधल्या पाइपला भोक पडले तर तो वायू गरम हवेबरोबर थेट तुमच्यापर्यंत येतो. तपासणी होईपर्यंत हीटरची दांडी खाली ठेवा आणि चालताना काच थोडी उघडी. बॅटरीवर चालणारा घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्म डॅशबोर्डजवळ ठेवा. तो वाजल्यास गाडी बाजूला घेऊन उतरा.

तपासणी अशी. थंड इंजिन सुरू करून बॉक्स आणि सिलिंडर हेडच्या जोडावर फुसफुस ऐका, काळा डाग दिसतो का पाहा. हेडच्या जोडावर गळत असेल तर नवे गॅस्केट घाला आणि नट साधारण २ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे २० न्यूटन-मीटर, इतकेच आवळा. त्यापुढे गेलात तर स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमधून निघून येतो. बॉक्सचीच शंका असेल तर तो काढा, एक्झॉस्ट पाइपचे एक तोंड रबराने घट्ट बंद करा, दुसऱ्याने पाणी भरून अर्धा तास उभा ठेवा. बाहेरच्या पत्र्याच्या आवरणातून एक थेंब जरी टपकला तरी तो बॉक्स भंगारात. वेल्डिंगने आतले भोक बुजते असे कोणी सांगितले तर ऐकू नका, आत हात पोहोचतच नाही.

तेलाच्या वासाचे कारण सहसा साधे असते. हीटरची हवा इंजिन खोलीतून ओढली जाते, त्यामुळे तिथे सांडलेले सगळे नाकाशी येते. टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि पुशरॉडच्या नळ्यांचे सील पाहा, तिथले तेल खालच्या गरम बॉक्सवर पडते. १९७० पर्यंतच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या कवचाच्या आतच असतो. त्याचे सील गळले तर तेलाची वाफ थेट हीटरमध्ये. पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी सुरूच करू नका, आधी पेट्रोलची रबरी नळी बदला.

प्रश्न : मला उलटी अडचण आहे. मे महिन्यात हीटर बंद असूनही पायाशी गरम हवा येते. मेकॅनिक म्हणतो, हीटर बॉक्स काढून सरळ पाइप लावू.
— एक वाचक, जालना

उत्तर : झडप पूर्ण बंद होत नाही, एवढेच. केबल प्रमाणाबाहेर ताणून बांधली आहे किंवा झडपेची परतीची स्प्रिंग गेली आहे. वर परभणीच्या उत्तरात केबल बसवायची रीत दिली आहे, तिथे केबलला एक-दोन मिलीमीटर ढिलेपणा ठेवा. सरळ पाइप लावायचेच असतील तर कवचाची दोन्ही तोंडे पत्र्याच्या टोपीने बंद करायला लावा. ते विसरले जाते, आणि ४२ अंशांत सिलिंडरची हवा बाहेर सोडणे परवडणारे नाही. काढलेले बॉक्स मात्र विकू नका.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळा कडक, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. आता थंडीत गाडी उशिरा तापते. परत बसवावा का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : बसवा. तो काढल्याने उन्हाळ्यात काही मिळत नाही, कारण इंजिन तापल्यावर तो पंख्याच्या कवचातल्या, सिलिंडरना हवा सोडणाऱ्या झडपा पूर्ण उघडतोच. तो उपयोगी पडतो सुरुवातीला, इंजिन लवकर तापवायला. उजव्या बाजूच्या सिलिंडरांखाली त्याची जागा. पितळी घड्यांची ही डबी पाण्यात तापवून तपासा. ६५ ते ७० अंशांना तिची लांबी किमान ४६ मिमी झाली पाहिजे. बिघडली तर ती लांबच राहते, म्हणजे झडपा उघड्याच राहतात आणि इंजिन तापून बसत नाही. कवचातल्या झडपा व त्यांची तार गॅरेजवाल्याने काढली असेल तर नुसती डबी बसवून उपयोग नाही.

प्रश्न : बाजारात १२ व्होल्टचे छोटे इलेक्ट्रिक हीटर मिळतात. बसवू का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नको. १५० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो. जुना ३० अँपिअरचा डायनॅमो पूर्ण वेगात जेमतेम ३६० वॅट देतो, आणि त्यातले बरेच रात्री दिव्यांनाच लागतात. आयडलवर तर तो बॅटरीतूनच घेईल. एवढे करून मिळणारी ऊब घरातल्या १००० वॅटच्या हीटरच्या सातव्या हिश्शाएवढी. सिगारेट लायटरच्या जुन्या वायरिंगवर तो लावणे तर धोक्याचेच. मूळ हीटर दुरुस्त करा.

प्रश्न : पावसात काच धुरकट होते, तेव्हा हीटर लावावा का?
— एक वाचक, बीड

उत्तर : हो, पण दाराची छोटी तिरकी काच थोडी उघडी ठेवून, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. गालिचा ओला असेल तर आधी तो उन्हात वाळवा, आणि पाणी कुठून येते ते शोधा. पुढच्या काचेचे रबर आणि दाराच्या तळातली बुजलेली भोके आधी पाहा.