तीन मुलं आणि एकच मागची सीट: कोणाला कोणती कार सीट घ्यावी?

तुमचं विचारणं असं आहे की मुलं तीन (साडेसात वर्षं, चार वर्षं आणि नऊ महिने), गाडी हॅचबॅक. तर तिघांना वेगवेगळ्या कार सीटा घ्याव्यात, की '० ते १२ वर्षं' लिहिलेली एकच महागडी घेऊन वापरत राहावी? आमच्याकडे माझ्या दोन मुली आणि वरच्या मजल्यावरच्या दिरांचा मुलगा. इंदूरहून पुण्याला माहेरी निघालं की हे तिघं मागे, त्यामुळे यावर बरंच डोकं चाललंय.

ती '० ते १२'वाली घेऊ नका. एकुलतं एक मूल असेल तर ठीक आहे. तुमच्याकडे ती धाकट्याला लागली की तो बारा वर्षांचा होईपर्यंत तिथेच अडकणार, आणि त्याच्यामागे तर कोणी नाही! शिवाय अशा सीटा अंगानं भरदार असतात आणि तुमची खरी अडचण रुंदीचीच आहे.

म्हणून दुकानात जायच्या आधी टेप घेऊन गाडीत बसा. कार सीट साधारण ४४ ते ५० सेंटीमीटर रुंद असते. तीन शेजारी शेजारी म्हणजे कमीत कमी १३२. हॅचबॅकची मागची बैठक दारापासून दारापर्यंत इतकी भरेलच असं नाही. मधल्या जागेचा पट्टाही बघून घ्या. नुसता कमरेचा असेल तर तिथे बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा नीट लागावा म्हणून असलेली सीट) चालत नाही, त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या, बहुतेक गाड्यांत फक्त दोन्ही कडांना असतात.

आता वाटणी. वय विसरा, वजन आणि उंची बघा. धाकट्याला ० ते १८ किलोवाली, तोंड मागे करून बसवता येणारी. कार सीटांच्या सुरक्षिततेच्या नव्या आर१२९ या आंतरराष्ट्रीय मानकात पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायला सांगितलंय. सीटवर लिहिलेल्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही ठेवा. बाळाचं डोकं जड नि मान कोवळी, धक्का सगळ्या पाठीवर पसरलेला बरा. पाय दुमडतात म्हणून आजी हळहळतील. हळहळू द्या.

मधल्याला ९ ते ३६ किलोवाली, जिचे आतले पट्टे काढले की तिचाच बूस्टर होतो. थोरल्याला पाठीचा बूस्टर, १५ ते ३६ किलोचा. तिघांत सगळ्यांत स्वस्त हाच. गंमत पुढे आहे. धाकटा अठरा किलोचा होईस्तोवर थोरला अकराच्या आसपास असेल, त्याचा बूस्टर सुटेल आणि धाकट्याला जाईल. म्हणजे आत्ता तीन घेतल्या की पुढे एकही नाही. थोरल्याचा बूस्टर वाढदिवस बघून काढू नका. पाठ टेकवून बसल्यावर गुडघे बैठकीच्या कडेशी वाकतात का, कमरेचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांवर राहतो का, खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या हाडाच्या मध्यावर येतो का, हे बघा. उंची १३५ ते १५० सेंटीमीटर झाल्याशिवाय हे सहसा जमत नाही.

तिघं मागे मावलेच नाहीत तर? थोरला बूस्टरसकट पुढे, सीट जाईल तितकी मागे सरकवून. बाळ पुढे नको. चालू एअरबॅगसमोर उलट्या तोंडाची सीट तर कधीच नाही. आणि मावले तरी एक बघा: बूस्टरवाल्याचं बकल शेजारच्या सीटखाली गडप होतं. पोराचा हात आत जात नाही, मग दरवेळी तुम्ही दारातून अर्ध्या आत, मागे हॉर्न. विकत घेण्याआधी थोरल्याला बसवून स्वतःला पट्टा लावायला सांगा.

सातसीटर घ्यायच्या विचारात असाल तर कार सीट लावलेली मधल्या ओळीतली सीट दुमडत नाही, तिसऱ्या ओळीत जायची वाट बंद होते. तेवढी एक बाजू मोकळी ठेवा.

पट्टा किती घट्ट? खांद्यावर चिमटीत धरून बघा, घडी पडली तर सैल आहे. थंडीत स्वेटर आधी काढा, पट्टा लावा, मग वरून शाल. मे महिन्यात राजवाड्याजवळ गाडी उन्हात उभी केली की बकलचा धातू चटका देतो, तेव्हा वर पांढरा पंचा टाकून ठेवते. आणि इंदूरकरांसाठी खास: बकलमध्ये सेव जाते. मग खटका पूर्ण बसत नाही, लागल्यासारखं फक्त वाटतं. सीट उलटी करून झटका, तेल मुळीच घालू नका.

'मांडीवर घेऊ की' म्हणणाऱ्यांसाठी: ताशी ५० वेगात आदळल्यावर दहा किलोचं बाळ हातांना क्षणभर दोनशेएक किलोचं होऊ शकतं. वाटेतल्या बिजासन घाटात कोणाचे हात तेवढे भक्कम असतात? कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १९४-ब कलमात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कार सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

नात्यात कोणाची जुनी मिळत असेल तर बूस्टर तेवढा घ्या, तोही गाडीला कधी ठोकर बसली होती का हे तोंडावर विचारून. सीट मानकात उतरल्याचं सांगणारं नारिंगी लेबल खरवडलेलं असेल, तर चुलत जावेनं दिली तरी परत करा.